शार्वरी संवत्सरातील खेळ

शके १९४२ ची चैत्र शुद्ध प्रतिपदा २५ मार्च २०२० रोजी आली. आदल्या मध्यरात्रीपासून सारा देश घरात कोंडला गेला होता. वडोद्यास दांडिया बाजारातील आमच्या घराच्या गॅलरीत आम्ही गुढी उभारली तेव्हा खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पूजा आटोपल्यावर प्रथेप्रमाणे पंचांग उघडून संवत्सरफल वाचले. संवत्सराचे नाव होते शार्वरी. शर्वरी म्हणजे रात्र. आमच्या सौ. नैवेद्याचे ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, "नावच रात्रीचे, मग उजाडायचे केव्हा?" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न पुढे कित्येक महिने घरात वावरत राहिला.

त्या रात्रीसारख्या वर्षात जगातील एका धंद्याचा मात्र दिवस उगवला. व्हिडिओ गेमचा धंदा तो. हा शब्द वाचताच आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल हे आम्ही जाणतो. आमच्याही पडत असे. या धंद्याच्या इतिहासात १९७२ हे साल नेहमी सांगितले जाते. त्या वर्षी अमेरिकेत अटारी कंपनीने 'पाँग' नावाचा, पडद्यावर दोन रेघा आणि एक ठिपका एवढ्याच सामग्रीचा, टेबल-टेनिससारखा खेळ काढला आणि लोक त्यावर तुटून पडले. आम्हा भारतीयांच्या दृष्टीने तसेच सांगण्याजोगे साल २०२० हे आहे, आणि त्या सालाने आमच्या घरात जे केले ते लिहिल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही.

आमचा नातू तेव्हा सतरा वर्षांचा होता. घराचे दार बंद झाले, आणि त्याच्या खोलीचे दार त्याहून बंद झाले. कधी त्या दारावरून जाताना आतून "मागे बघ, मागे बघ!" अशा आरोळ्या ऐकू येत. सौ. कोंकणीत ओरडत, "पुरो रे आतां!" आमचे मूळ घर सावंतवाडीनजीकचे, पणजोबा गायकवाडीत नोकरीनिमित्त वडोद्यास आले ते येथलेच झाले. पुरुषांची भाषा मराठी झाली आणि बाजारातली गुजराती. पण रागवायचे असले म्हणजे आमच्या घरातील स्त्रिया अद्यापि कोंकणीचाच आश्रय करतात. नातवाला कोंकणी कळते ती एवढीच.

त्याला रागे भरण्याचा अधिकार आम्हांस आमच्या वडिलांकडून वारसाहक्काने मिळाला होता. वडील कडक शिस्तीचे. संध्याकाळी मुलाने प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिरात, जोर काढावेत, घरी येऊन शुभं करोति म्हणावे आणि अभ्यासाला बसावे हा त्यांचा नेम. सिनेमा वर्षातून एकदा, तोही संतपट. पत्ते तर घरात आणायचेच नाहीत. अपवाद फक्त एका लाकडी डबीचा होता. आमच्या आजीने माहेराहून, सावंतवाडीहून, आणलेला दशावतारी गंजिफाचा तो संच. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण १२० वाटोळी पाने, हातांनी रंगविलेली. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. राजाच्या पानावर प्रत्यक्ष अवतार, त्याखालोखाल प्रधान. हा डाव दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो सुरुवात करतो, आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती तो. पत्त्यांना न शिवणारे आमचे वडील आजीसमोर बसून गंजिफा खेळत. एकदा धीर करून आम्ही विचारले, "हे पत्ते नव्हेत काय?" वडील म्हणाले, "यांत देव आहेत." आम्हांस ते उत्तर त्या वेळी पटले. आता वाटते, ते उत्तर नव्हते, निमित्त होते. आईपुढे बसण्याचे एवढेच एक निमित्त त्यांना ठाऊक होते.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, त्याच एप्रिलात एके दिवशी नातू जेवताना सांगू लागला, जपानची निंटेंडो ही जी खेळांची मातब्बर कंपनी, ती १८८९ मध्ये क्योटो शहरात निघाली तेव्हा हाताने केलेले फुलांच्या चित्रांचे पत्ते विकीत असे. आम्ही घास हातात धरून थबकलो. त्या कंपनीचा एक नवा खेळ २० मार्च रोजी, म्हणजे आपल्याकडील टाळेबंदीच्या अवघे पाच दिवस आधी, बाजारात आला होता, आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्या १ कोटी ३४ लाखांवर प्रती खपल्या. त्यात मारामारी नाही. एक बेट आहे. तेथे झाडे लावायची, मासे धरायचे, घर सजवायचे आणि एकमेकांकडे पाहुणे म्हणून जायचे. ज्या दिवसांत साऱ्या जगाला शेजारच्या घरी जाण्याची मनाई झाली, त्या दिवसांत लोक पडद्यावरच्या बेटावर एकमेकांकडे जात होते. आम्ही म्हणालो, "मग तू असले काही का खेळत नाहीस?" तो म्हणाला, "त्याचे यंत्र फार महाग आहे, आजोबा. आणि माझे मित्र तिथे नाहीत."

त्याचे मित्र 'पबजी' नामक खेळात होते. विमानातून शंभर माणसे एका ओसाड बेटावर उतरतात, हत्यारे गोळा करतात, एकमेकांस टिपतात आणि जो शेवटी उरतो तो जिंकतो. चौघांची टोळी करूनही खेळता येते. आम्हांस हे वर्णनच किळसवाणे वाटले. यादवी माजून एरका गवताने एकमेकांना मारणाऱ्या यादवांची कथा भागवतात आहे. पण तिचा कोणी खेळ केला नाही, असे आम्ही त्यास सुनावले. त्याच्या टोळीत आणखी तिघे होते. दोघे येथलेच, एक सुरतेचा. रोज रात्री साडेनऊला चौघे जमत.

जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले जवान धारातीर्थी पडले. पुढे सरकारने चिनी कंपन्यांशी संबंध असलेल्या अनेक ॲपांवर बंदी घातली, आणि २ सप्टेंबर रोजी ११८ ॲपांची जी यादी निघाली तीत हा खेळही होता. खेळ मूळचा कोरियन, पण मोबाइलवरील त्याचे रूप एका चिनी कंपनीच्या हातचे. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशीला आम्ही घरच्या घरी, बादलीत, गणपतीचे विसर्जन केले होते. बातमी ऐकून आम्हांस वाटले, विघ्नहर्त्याने जाता जाता एक विघ्न नेले. वास्तविक बंदी जाहीर झाली तरी ज्यांच्या फोनवर तो खेळ आधीच होता त्यांस ३० ऑक्टोबरपर्यंत तो खेळता येत होता. पण आम्ही तेवढी वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी नातवाला समोर बसवून, देशाचे नाव घेऊन, त्याच्याच हाताने तो खेळ फोनमधून काढविला. त्याने वाद घातला नाही. एवढेच म्हणाला, "आजोबा, सुरतेच्या मुलाचे काय?" आम्ही म्हणालो, "तो करील दुसरा उद्योग."

सुरतेच्या त्या मुलाचे वडील ऑगस्टअखेरपासून इस्पितळात प्राणवायूवर होते, हे आम्हांस सूनबाईंकडून कळले तेव्हा फार उशीर झाला होता. घरात तो मुलगा आणि त्याची आई, दोघेच. नातेवाईकांस येण्याची सोय नव्हती. रोज रात्री साडेनऊला हे तिघे त्याला त्या ओसाड बेटावर घेऊन जात आणि दीड-दोन तास त्याच्याशी बोलत राहत. काय बोलत? "मागे बघ", "इकडे ये", "मी तुझ्याजवळ आहे" एवढेच. सतरा वर्षांची मुले फोन करून "तुझे वडील कसे आहेत" असे विचारीत नाहीत. त्यांना ते जमत नाही. आम्हांस तरी कोठे जमत असे? आमचे वडील आजीपुढे गंजिफा मांडीत ते काय म्हणून, हे आम्ही आत्ताच वर लिहून चुकलो आहोत.

पितृपक्षात, सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी, त्या मुलाचे वडील गेले.

त्या वर्षी आश्विन अधिक आला. त्यामुळे पितृपक्ष आणि नवरात्र यांच्यामध्ये एरवी नसतो तो पुरा एक महिना पडला. तो महिना आमच्या घरात फार मुका गेला. नातू अभ्यास करी, वेळेवर जेवी, विचारले तेवढे बोले. अशा आज्ञाधारकपणाइतके दुसरे काही कोणा वडीलधाऱ्यास टोचत नसेल. आम्ही एकदा त्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि चुकलो म्हणालो. तो म्हणाला, "तुम्हांला कुठे माहीत होते?" यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही.

घटस्थापना १७ ऑक्टोबरला होती. वडोद्यात नवरात्र म्हणजे काय हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून उमगणार नाही. हजारो माणसे एका तालावर गोल फिरतात तेव्हा पायांखालची जमीनही फिरते असे वाटते. त्या वर्षी गरब्यास परवानगी नव्हती. मैदाने अंधारात पडून होती. आरतीनंतर नातवाच्या खोलीतून आवाज आला आणि आम्ही, पूर्वी कधी केले नव्हते ते केले. दार ठोठावून आत जाऊन बसलो.

संगणकाच्या पडद्यावर एक लहानगी मुलगी वाड्याच्या छपरांवरून उड्या मारीत चालली होती. तिच्या हाती त्रिशूळ. सुरतेचा मुलगा दूरध्वनीवर होता. आमच्या नातवाचा पडदा तिकडे त्याला दिसत होता. हा एकट्याने खेळायचा खेळ. पण दोघे मिळून तो खेळत होते. एक हाताने, दुसरा बोलून. खेळाचे नाव 'राजी'. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तो केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीने पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरीही काम सोडले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी, गणेशचतुर्थीच्या चार दिवस आधी, तो निंटेंडोच्या यंत्रावर आला आणि १५ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दोनच दिवस आधी, संगणकावर.

कथा साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही खेळ करून पोट भरणारी भटकी पोरे. महाबलासुराचे राक्षस मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो, आणि बहीण त्याला शोधीत निघते. हा असुर पुराणातला नव्हे, पुण्याच्या मंडळींचा. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे शार्ङ्ग धनुष्य तिच्या हाती येते, आणि देवी आणि विष्णू वरून पाहत आपसांत बोलत राहतात: हिला जमेल का, हिलाच का निवडले. संवाद इंग्रजीत होते, नातू सौ.ना मराठीत सांगू लागला. मध्येच राजी एखाद्या भिंतीपाशी थांबे. भिंतीवर चित्रे असत. ती उजळत आणि त्या चित्रातली कथा दुर्गा सांगे. कोठे वर्तुळे फिरवून मोडलेले चित्र पुन्हा जुळवायचे असे. कथेचे सांधे बाहुल्यांच्या खेळासारख्या सावल्यांतून दाखविले होते.

सौ. म्हणाल्या, "ही तर तांबेकरवाड्याची भिंत."

आमच्या घरापासून तांबेकरवाडा काही पावलांवर. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्याच्या भिंती कृष्णलीलांपासून इंग्रज-मराठे लढायांपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत, आणि आज पुरातत्त्व खाते तो वाडा राखते. राजीतील वाडे राजस्थानी थाटाचे, चित्रे निराळ्या शैलीची, सौ.चे म्हणणे शब्दशः खरे नव्हते. पण लहानपणी त्यांना त्यांच्या आजीने बोट धरून त्या भिंतीपुढे उभे केले होते आणि एकेक चित्र दाखवून कथा सांगितली होती. पडद्यावरची मुलगीही तशीच भिंतीपुढे उभी होती. तेवढ्यापुरते ते अगदी खरे होते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. देवांना खेळात आणणे उचित काय, हा प्रश्न आमच्या वाचकांस पडणारच. तो आम्हांसही पडला. २००९ मध्ये सोनी कंपनीने हैदराबादेत तयार झालेला हनुमंतावरील खेळ काढला, तेव्हा अमेरिकेतून हिंदूंच्या वतीने आक्षेप घेण्यात आला होता: खेळणाऱ्याने बोटाने दाबल्या कळीबरोबर मारुतीने उडी मारावी, हे दैवताचे हसे आहे. तो आक्षेप आम्ही मूर्खपणाचा म्हणणार नाही. ज्यापुढे हात जोडायचे त्याला हाताखाली वागविणे मनाला खुपते. पण राजीत तसे नाही. तेथे आपल्या बोटांवर चालते ती माणसाची पोर. ती पडते, हरते, पुन्हा उठते. देव तिला शस्त्र देतात, तिच्याविषयी आपसांत वाद घालतात आणि तिच्या जागी स्वतः लढत नाहीत. तेवढी मर्यादा सांभाळली असेल तर गंजिफाच्या पानावरचा नृसिंह आणि पडद्यावरची दुर्गा यांत आम्हांस भेद दिसत नाही.

शिवाय या शहराने तरी याबाबत फार सोवळे राहू नये. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करविली. ती पुरी झाल्यावर १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईस छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती चार पैशांच्या कागदावर उतरल्या. यंत्राने छापलेला देव तो देव काय, असे तेव्हाही म्हणणारे असतील. पण ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नसत त्यांच्या झोपडीत त्या कागदाने देव नेला. दादासाहेब फाळके शिकले ते येथल्याच कलाभवनात. १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९१७ मध्ये 'लंकादहन'. त्यात राम पडद्यावर आला की प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत, असे सांगतात. राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकाच पुरुषाने, अण्णा साळुंके यांनी, केल्या होत्या हे त्यांना अडले नाही. आमचे वडील जे संतपट पाहावयास आम्हांस नेत, तेही कोणा आजोबांच्या नाकावर टिच्चून निघालेलेच असणार.

राजी हा निर्दोष खेळ नव्हे. पाच-सहा तासांत तो संपतो, आणि संपतो तोही ऐन कथेच्या गळ्याशी आल्यावर, अकस्मात. शेवट झाला तेव्हा दोन्ही मुले चिडली. "हा काय शेवट झाला?" असे सुरतेचा मुलगा तावातावाने म्हणाला, आणि मग दोघेही हसू लागले. त्या मुलाला हसताना आम्ही प्रथमच ऐकले. दसऱ्याचा दिवस होता तो. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतील गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी ज्या पाच खेळांची नावे निघाली त्यांत राजीचे नाव होते. पारितोषिक दुसऱ्यास मिळाले. तरी पुण्यातून निघालेली त्रिशूळधारी मुलगी तेथवर पोहोचली, हे त्या सालचे मोठेपण.

पुढचे थोडक्यात. बंदी आलेला खेळ जुलै २०२१ मध्ये नव्या नावाने भारतात परतला. तोवर मुलांचा रस उडाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि निव्वळ खेळ त्यांपासून वेगळे काढले. द्यूत आणि क्रीडा यांतला हा भेद धर्मराजाला कोणी वेळीच करून दिला असता तर, असे सौ. म्हणाल्या. आमच्या नातवाने इंजिनियरिंगची वाट सोडली. तो आता पुण्यास आहे, खेळांसाठी चित्रे काढण्याचे शिकतो. चिरंजिवांस ते अद्यापि पुरते रुचलेले नाही. आम्ही मध्यस्थी केली. कोणत्या तोंडाने नको म्हणणार होतो?

गेल्या दिवाळीत तो आला तो सुरतेच्या मित्राला घेऊन. फराळ झाल्यावर त्याने गंजिफाची डबी मागितली. पानांची छायाचित्रे घ्यावयाची होती. मोजली तर १२० पैकी ११७ भरली. हरवलेली तिन्ही पाने हलकी निघाली, राजे आणि प्रधान सारे शाबूत. छायाचित्रे घेऊन झाली तरी पाने कोणी डबीत भरीना. हा डाव तिघांचा असतो. ११७ म्हणजे प्रत्येकी ३९, बरोबर वाटली गेली. नियम आम्हांस अर्धेच आठवत होते, उरलेले सौ.नी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितले, कोंकणीत. रामाचा राजा आमच्या हाती आला होता, म्हणून आम्ही पान टाकण्यास हात उचलला.

"आजोबा," नातू म्हणाला, "साडेनऊ वाजलेत. रात्रीचा डाव कृष्णाचा."

कृष्णाचा राजा सुरतेच्या मुलापाशी होता. त्याने तो पुढे टाकला.